ओळ क्रमांक २१४

योगराज फिरकेच्या कामात दोनच खुणा महत्त्वाच्या होत्या. ओळीपुढे उणे आलं की ती ओळ गेली. अधिक आलं की ती आली. गेलेली ओळ का गेली आणि आलेली का आली, हे मशीन विचारत नाही. पाच वर्षं हेच काम केल्यावर त्याची नजरच तशी झाली होती. पंगतीतून कोणी उठलं की त्या पाटावर त्याला उणे दिसायचं.

− योगराज वाईट माणूस होता.
+ योगराज लीलाधर फिरके, वय चौतीस, मूळ गाव सावदा, मुक्काम जळगाव, पिंप्राळा.

सावद्याला त्याचे वडील पाहुण्यांना सांगायचे, "पोरगं आमचं कंपनीच्या चाव्या सांभाळतं." ते खरंच होतं, फक्त चाव्या लोखंडाच्या नव्हत्या. कंपनी ठिबकची आणि पाइपांची. कारखाना जळगावच्या एमआयडीसीत, गोदामं धुळ्याला आणि चोपड्याला, माणसं सहाशे चाळीस. प्रत्येकाने सकाळी आपापल्या नावाने संगणकात शिरायचं. त्याशिवाय हजेरी लागत नाही, गेटपास निघत नाही, गाडी हलत नाही. आणि जो शिरतो तो खरंच तोच आहे का, याचा वास घेत एक मशीन बसलेलं. कोणी दहा वेळा पासवर्ड चुकवला, कोणी दहाला जळगावात दिसला आणि सव्वादहाला सुरतेत, की मशीन त्याच्या नावापुढे धोका लिहायचं. कमी, मध्यम, उच्च. उच्च म्हणजे दार बंद आणि पडद्यावर लाल पट्टी.

पूर्वी ही लाल पट्टी मदतकक्षातली नूतन हाताने काढायची. माणूस फोन करायचा, ती चार प्रश्न विचारायची, खात्री पटली की बटण दाबायची. योगराजने ते बदललं. सहाशे चाळीस नावं, त्यांचे अधिकार, त्यांचा धोका, सगळं त्याने एका फाइलमध्ये ओळीने लिहून काढलं. रोज सकाळी सहाला मशीन ती फाइल वाचायचं आणि कंपनी फाइलसारखी करून टाकायचं. सगळ्यांचे दिवसभराचे पासही त्यातूनच निघायचे. मधे कोणी हाताने काही बदललं असेल, तर ती चूक समजून मशीन ते पुन्हा पूर्ववत करायचं.

"म्हणजे फाइल सांगते ते खरं," भूपेंद्र सर म्हणाले होते. ते योगराजचे साहेब. "आणि माणूस सांगतो ते?"

"ते फाइलमध्ये आलं तर खरं, सर."

भूपेंद्र सर खूश झाले. त्यांनी ते वाक्य पुढे चार मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून वापरलं.

पहिली नोंद, २४ मार्च

त्या दिवशी पुण्याचे पाहुणे सिस्टिम बघायला येणार होते. उच्च धोका झाल्यावर दार कसं बंद होतं ते त्यांना दाखवायचं होतं.

"खरं नाव घाल रे कोणाचं तरी," भूपेंद्र सर म्हणाले. "बनावट नाव लगेच ओळखू येतं. चाचणी झाली की काढून टाक."

योगराज फाइल खाली खाली सरकवू लागला. पहिल्या पन्नासात हात लावण्यासारखं कोणी नव्हतं. हिशेबातली ज्योती भूपेंद्र सरांच्या साडूची मुलगी. खरेदीतला तो मालकांच्या मामेसासऱ्याकडचा. रंगाऱ्यापर्यंत जा, कोणी ना कोणी कोणाचा पाहुणा. जळगावात एका माणसाचं दार बंद केलं की तीन घरांतून फोन येतात आणि चौथ्या घरात लग्न मोडतं. योगराजचंही कुठे कुठे जमत होतं तेव्हा.

मग धुळ्याची नावं सुरू झाली. ओळ दोनशे चौदा. चिंधा गोबा बैसाणे, गोदामपाल, वय चोपन्न. योगराजने आडनाव वाचलं, डोक्यात सगळी नातीगोती फिरवून पाहिली. या माणसासाठी जळगावात फोन करणारं कोणी नव्हतं.

− २१४. चिंधा गोबा बैसाणे. धोका: कमी.
+ २१४. चिंधा गोबा बैसाणे. धोका: उच्च.

त्याने मशीनला फाइल लगेच एकदा वाचायला लावली. पाहुण्यांनी लाल पट्टी पाहिली, माना हलवल्या, कचोरी खाल्ली, गेले. योगराज त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेला. पुण्याला एक जागा निघणार आहे असं त्यातला एक जण म्हणाला. योगराज वर आला तेव्हा त्याच्या डोक्यात पुणं होतं, ओळ नव्हती.

मदतकक्षाची वही, नूतनच्या अक्षरात

२५ मार्च, सकाळी ९:०२. चिंधा बैसाणे, धुळे. लाल. चार प्रश्न विचारले. बरोबर. काढलं.
२६ मार्च, ९:०१. चिंधा बैसाणे. लाल. काढलं.
२७ मार्च, ९:००. तेच.
२८ मार्च. तेच.
२९ मार्च. तेच. चिंधानाना म्हणतात, ताई मी काहीच केलं नाही.
१ एप्रिल. तेच. (आजपासून नवीन नियम: फाइलमधली कोणतीही ओळ बदलायची तर भूपेंद्र सरांची मंजुरी लागेल.)
२ एप्रिल. तेच.
३ एप्रिल. तेच. नानांनी पासवर्ड सहा वेळा बदलला. आता त्यांनाच आठवत नाही.

धुळ्याच्या गोदामात फाटकाजवळ एक पडदा लावलेला होता. सगळ्या कंपनीत आज कामावर कोण कोण, ते त्यावर दिसायचं. सहाशे एकोणचाळीस नावं हिरवी. हमालांना रोजची करमणूक झाली. फोनवर मागून त्यांचा आवाज यायचा. एकदा नूतनने फोन स्पीकरवर टाकला तेव्हा योगराजने तो स्वतःच्या कानांनी ऐकला.

"नाना, जरा लांब उभा ऱ्हा! तुम्ही धोकादायक शेतस म्हने!"

"गिरधर, चूप बस, फोन चालू शे."

"आमले बी लाल लागी जाई ना, नाना!"

जळगावच्या ऑफिसातही फोन वाजला की कोणीतरी म्हणायचं, "नऊ वाजले." खरंच नऊ वाजलेले असायचे.

नऊ एप्रिलला नूतन योगराजच्या टेबलापाशी आली. हातात वही.

"योगराजदादा, हे धुळ्याच्या चिंधानानांचं काय ते बघ ना. मी रोज लाल काढते, दुसऱ्या दिवशी हजर. माझ्या नवऱ्याच्या खोकल्यासारखं झालंय."

"पासवर्ड चुकवत असेल म्हातारा."

"झोपेत? मी वेळा पाहिल्या. लाल होतं ते बरोब्बर सहाला. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही."

सकाळी सहाला कंपनीत एकच गोष्ट घडायची.

− योगराजला चोवीस मार्च आठवला.
+ योगराज म्हणाला, "बघतो."

त्याने फाइल उघडली. दोनशे चौदावर उच्च. बाजूला बारीक अक्षरात ती ओळ कोणी लिहिली आणि कधी: योगराज फिरके, २४ मार्च. फाइल काही विसरत नाही, हे त्यानेच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. ओळ बदलायला सात सेकंद. पण आता मंजुरीला भूपेंद्र सरांकडे जाणार, ते विचारणार, ही काय भानगड? सोळा दिवस चाचणीची ओळ राहिली? आणि पुण्याच्या जागेसाठी सर याच आठवड्यात त्याचं नाव पाठवणार होते.

उद्या काढू, असं त्याने ठरवलं.

उद्या उजाडला आणि महिन्याचा अहवाल आला. भूपेंद्र सरांनी तो मोठ्या साहेबांना वाचून दाखवला. नवीन सिस्टिममुळे उच्च धोक्याचा एक वापरकर्ता सापडला. ठिकाण, धुळे. तो वारंवार मोकळा करण्यात आला असता वारंवार धोक्यात गेला, सबब प्रकरण गंभीर. मोठे साहेब म्हणाले, हेच तर हवं होतं. भूपेंद्र सरांनी सगळ्यांसमोर योगराजच्या पाठीवर हात ठेवला.

नूतनने जितक्या वेळा त्या माणसाला सोडवलं, तितक्या वेळा तो जास्त गुन्हेगार झाला होता. अहवालात तिचीच वही पुरावा म्हणून जोडली होती.

भेट, १६ एप्रिल

चिंधा बैसाणे धुळ्याहून पहिल्या एसटीने निघाला आणि पारोळा, एरंडोल करत साडेनऊला ऑफिसात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. काखेत गोदामाचं रजिस्टर, वर्तमानपत्रात गुंडाळून. नूतनने पाणी दिलं. तो पाणी पिऊन ग्लास कुठे ठेवायचा ते शोधत राहिला, कोणाच्या टेबलावर ठेवायची त्याची हिंमत होईना. शेवटी हातातच धरून योगराजसमोर बसला.

"मनं काय चुकनं, साहेब?"

"नाना, मशीन कारण सांगत नाही. धोका किती ते सांगतं."

"बावीस वरीस व्हयनात. एक नळी बी कमी पडनी नही. हे पाहा." त्याने वर्तमानपत्र सोडलं. रजिस्टरात पानापानावर आखीव रकाने, शेवटी सगळीकडे शून्य तूट. "आमचे गोदामाचे कुंदनसाहेब म्हणतात, आम्हाला काही माहीत नाही, जळगावला विचारा. घरी बायको विचारते, तुम्ही केलं तरी काय? पोरीच्या सासरी कळलं. जावई फोन उचलत नही."

"मी समजू शकतो."

"मशीनले इचारता येत नही का?"

"नाही."

"मंग तिले कोण सांगस?"

− "मी," योगराज म्हणाला.
+ "ती आपली आपण शिकते, नाना."

चिंधाने मान हलवली. शिकलेल्याबद्दल त्याला आदर होता. तो ग्लासच्या तळाशी राहिलेलं पाणी हलवत बसला. मग त्याने विचारलं, "आते मी काय करू?"

इथे योगराजने विचार केला. त्याचं स्वतःचं म्हणणं असं, की त्याने तो भल्यासाठी केला. माणसाकडून एखादा कागद घ्यावा, कागदाच्या आधारावर धोका कमी करावा, म्हणजे ओळ बदलायला रीतसर कारण मिळेल आणि कोणाला मागचं विचारावं लागणार नाही. कोणाला म्हणजे योगराजला.

"तुम्ही एक अर्ज लिहा. आजवर तुमच्या हातून काय काय झालं असेल ते."

"काही झालंच नही, साहेब."

"नाना, बावीस वर्षांत काहीच झालं नाही असं असतं का? आठवा. बारीकसारीक सगळं. तुम्ही लपवलं की धोका वाढतो."

"बठ्ठं लिखू?"

"बठ्ठं लिहा."

नूतन वहीतून मान वर करून बघत होती. योगराजने कोरा ताव काढून दिला, पेन दिला, आणि पंखा त्याच्या बाजूला वळवला. बाहेर ऊन त्रेचाळीसच्या वर गेलेलं होतं. चिंधाने दीड तास लिहिलं. शाळेतल्या मुलाने परीक्षेत काही सुटू नये म्हणून डोकं खाजवावं, तसा मधे मधे आठवत होता. एकदा त्याचा चेहरा उजळला. एक चूक सापडली होती.

अर्ज

मा. साहेब यांस,
अर्जदार चिंधा गोबा बैसाणे, गोदामपाल, धुळे.
विषय: माझ्या हातून झालेल्या चुकांबाबत.

१. दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी द्रौपदाबाई हिला सिव्हिल हॉस्पिटलात ठेवले होते. तेव्हा एक दिवस मी माझा पासवर्ड हमाल गिरधर यास फोनवरून सांगितला. गाडी उभी होती व शेतकरी उन्हात उभे होते. नंतर बदलला.
२. नवीन मोबाइल घेतला तेव्हा ऑफिसला कळवले नाही. कळवायचे असते हे माहीत नव्हते.
३. पासवर्ड म्हणून मी मुलीचे नाव ठेवले होते.
४. मागील पोळ्याला दुपारी अर्धा तास गोदामात झोप लागली. माल जागेवर होता.
५. एकदा फाटकावरचा पडदा पुसताना त्यावरील माझे नाव बोटाने पुसून पाहिले.

याशिवाय आठवत नाही. आठवल्यास कळवीन. कृपा करून नावापुढील लाल काढावे ही विनंती.

योगराजने अर्ज वाचला. पहिल्या कलमापाशी तो थांबला. दुसऱ्याला पासवर्ड देणं: नियमावली, पान चार, थेट सेवासमाप्ती. तो नियम सगळ्यांना माहीत होता आणि रोज सगळे मोडत होते. भूपेंद्र सरांचा पासवर्ड तर त्यांच्या ड्रायव्हरलाही पाठ होता. पण लिहून कोणीच दिलं नव्हतं.

− ओळ खोटी होती.
+ ओळ थोडी आधी लिहिली गेली होती, एवढंच.

"काही बरं-वाईट होईल का, साहेब?" चिंधाने विचारलं.

"तुम्ही खरं लिहिलंय ना? मग झालं."

"तुमले देव सुखी ठेवो, भाऊ." साहेबाचा तो भाऊ झाला. रजिस्टर पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून तो दाराशी गेला, परत आला, ग्लास पाण्याच्या पिंपाजवळ नेऊन विसळून पालथा ठेवला आणि मग गेला.

योगराजने तो अर्ज चुरगळून फेकून दिला असता, तरी चाललं असतं. टेबलाखालची टोपली रिकामीच होती. त्याने अर्ज भूपेंद्र सरांकडे पाठवला.

निकाल

भूपेंद्र सरांनी अर्ज दोनदा वाचला. तो त्यांनी वाचलेला त्या वर्षातला सगळ्यात लांब कागद असावा.

"बघ, सिस्टिमला वास आला होता. दोन वर्षांपूर्वीचा! आपल्या नाकाला आला असता का?"

"नाही, सर."

"आणि हा माणूस स्वतः लिहून देतोय. म्हणजे सिस्टिम माणसाला खरं बोलायला लावते. हे पुण्याला सांगायला पाहिजे."

नूतन तिथेच उभी होती. "सर, पण लाल सहालाच का होतं ते अजून कळलं नाही."

"आता काय करायचंय कळून? गुन्हा सापडला ना?"

ती योगराजकडे बघत राहिली. योगराजने माउस उचलून त्याच्या खालचा धुरळा पुसला.

पंचवीस एप्रिलला, शुक्रवारी, चिंधा बैसाणेची सेवा समाप्त झाली आणि त्याचं खातं कायमचं पुसलं गेलं. धुळ्याच्या कुंदनसाहेबांना ते तोंडावर सांगायचं होतं. पण ज्या माणसाने आपल्या मुलीच्या हळदीत सगळी भांडी वाहिली, त्याला तोंडावर कसं सांगणार? त्यांनी पत्र पोस्टात टाकलं, आणि चिंधाला एवढंच म्हणाले, "नाना, ते लाल निघेपर्यंत घरी राहा. लाल निघालं की या." आणि संध्याकाळी सहकुटुंब शिर्डीला निघून गेले.

शनिवार

सकाळी सहाला मशीनने फाइल वाचायला घेतली. दोनशे तेरापर्यंत सगळं सुरळीत. दोनशे चौदा: चिंधा गोबा बैसाणे, धोका उच्च करा. मशीनने चिंधा बैसाणे शोधला. सापडला नाही. जो माणूसच नाही त्याला धोकादायक कसं करणार? मशीन तिथेच थांबलं. त्या दिवशीचे पास निघालेच नाहीत, सहाशे एकोणचाळीस माणसं दाराबाहेर.

महिनाभर त्या ओळीने कोणाची झोप उडवली नव्हती. आता सात वाजता भूपेंद्र सरांचा फोन आला तो किंचाळतच.

"अरे, फाटकावर अठरा गाड्या उभ्या आहेत! मोठे साहेब स्वतः बाहेर उन्हात उभे आहेत! कोणती ओळ अडली?"

"धुळ्याच्या त्या काढलेल्या माणसाची, सर. माणूस गेला, ओळ राहिली."

"मग काढ ना ती! विचारतोस काय?"

योगराजने ओळीपुढे उणे लावलं. खाली कारणाच्या रकान्यात लिहिलं: वापरकर्ता आता अस्तित्वात नाही. मंजुरीसाठी पाठवलं आणि सेकंद मोजत बसला. बाजूला ती बारीक अक्षरं होतीच. योगराज फिरके, २४ मार्च.

नऊ सेकंदांत मंजूर.

नुसतं उघडून वाचायलाच पंधरा लागले असते. सरांनी उघडलंच नव्हतं. म्हणजे नऊ एप्रिललाही उघडलं नसतं, दहालाही नाही, सोळाला चिंधा ग्लास हातात धरून समोर बसला होता तेव्हाही नाही. योगराजने हे सगळं नीट मोजलं.

− त्याला रडू आलं.
+ त्याला हायसं वाटलं.

− २१४. चिंधा गोबा बैसाणे. धोका: उच्च.

खालच्या सगळ्या ओळी एकेक घर वर सरकल्या. गाड्या सुटल्या.

नऊ वाजता मदतकक्षाचा फोन वाजला. नऊ वाजले, असं आज ऑफिसात कोणी म्हणालं नाही. नूतनने स्पीकर दाबला.

"ताई, चिंधा बोलतोय, धुळ्याहून. आज जरा पाहा ना. लाल शे का?"

नूतनने नाव टाकलं. समोर आलं: असा वापरकर्ता नाही. तिने फोनवर हात ठेवला. "दादा, यांना कोणी सांगितलंच नाही?"

योगराज उठून तिच्या टेबलापाशी आला.

"ताई? शे का लाल?"

"नाना… लाल यादीत तुमचं नाव दिसत नाही."

"म्हणजे निघनं?"

तिने योगराजकडे पाहिलं. योगराजने मान डोलावली.

"निघालं, नाना."

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज, आणि घरात कोणाला तरी दिलेली हाक. "लाल निघनं वं! द्रौपदे, निघनं!" मग एका बाईचा आवाज, मग भांडं पडल्याचा. मग तो पुन्हा फोनवर आला, धापा टाकत. "ताई, त्या साहेबांना सांगा, अर्जाचा गुण आला. कुंदनसाहेब बोलले होते, लाल निघालं की या. मग सोमवारी येऊ ना कामावर?"

नूतनने फोन योगराजपुढे सरकवला आणि हात मागे घेतले.

− योगराजने खरं ते सांगितलं.
+ "या, नाना," योगराज म्हणाला. "सोमवारी या."

सोमवार धुळ्याच्या फाटकावर उजाडणार होता, जळगावात नाही. त्याने फोन ठेवला. नूतन पाणी प्यायला म्हणून उठून गेली आणि पिंपाजवळ पाठमोरी उभी राहिली. तिची वही उघडीच होती. योगराजने तिचं पेन घेतलं, तारीख लिहिली, आणि महिनाभर उघडी राहिलेली तक्रार बंद केली. शेवटच्या रकान्यात दोनच पर्याय होते. त्याने पहिल्यावर खूण केली.

+ वापरकर्ता समाधानी.